दोन तासांचं पाणी

सावळेवाडीत मानसिंगाचं पत्र आलं की ते वाचायची एक ठरलेली पद्धत होती. त्याचा धाकटा भाऊ गुंडा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी झालेला. तो सोप्यात खांबाला टेकून मोठ्यानं वाचायचा. आई शालूबाई उंबऱ्यावर बसून ऐकायची. आणि मानसिंगाची बायको मनुबाई माजघराच्या दाराआड उभी राहायची, कडेवर कुठलंतरी पोर घेऊन. पत्र एका पानाचं असायचं. पहिल्या चार ओळी तर मनुबाईला पाठच झाल्या होत्या.

एकोणीसशे शेहेचाळीसच्या एप्रिलात आलेलं पत्र मात्र दोन पानी निघालं.

मानसिंग लष्करात हवालदार होता. लढाई थांबून आठ महिने झाले, तरी त्याची तुकडी सिलोनमध्येच अडकलेली; समुद्रकाठच्या एका लष्करी गोदामावर पहाऱ्याला. त्यानं लिहिलं होतं, ‘मला रजा मिळाली आहे ती दहा दिवसांची. गावाकडे येण्याजाण्यातच आठ दिवस मोडतात, तेव्हा ते जमत नाही. परंतु आमचे साहेब मे महिन्यात विलायतेस जात असून त्यांच्या बंगल्यामागील दोन खोल्या मला महिनाभर वापरण्यास दिल्या आहेत. दारातून समुद्र दिसतो. नारळाची झाडे पुष्कळ. मुलांना वाळूत खेळावयास सोडावे, असे रोज मनात येते. तरी सर्वांनी यावे. चि. जोतीराम यास मी अद्याप पाहिलेले नाही. पावसाळ्यानंतर आम्हास कोठे पाठवतील ते कोणी सांगत नाही.’

दुसऱ्या पानावर सगळा मार्ग दिला होता. मिरजेला गाडीत बसायचं, बंगळूरला बदलायचं, मद्रासला पुन्हा बदलायचं, आणि शेवटचं ठिकाण धनुष्कोडी. तिथपर्यंत गुंडानं सोबत यावं. तिथून पुढं आगबोट. परवान्यावर बायको आणि तीन मुलं एवढीच नावं असल्यामुळं गुंडाला बोटीवर घेणार नव्हते. ‘बोटीचा प्रवास फक्त दोन तासांचा आहे. पलीकडच्या धक्क्यावर मी उभा असेन.’

पत्र संपलं. शालूबाई म्हणाली, “सिलोन म्हंजी लंकाच न्हवं?”

“व्हय,” गुंडा म्हणाला.

“रावणाच्या मुलखात माझी नातवंडं?”

“आये, रावण मरून किती दिस झालं. आता तितं दादा पहारा करतोय.”

“मग तर लयच भ्या,” शालूबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. पत्र ऐकायला जमलेले शेजारचे लोकही हसले. सहा वर्षांच्या साळूनं नारळ किती मोठा असतो ते विचारलं. चार वर्षांच्या कृष्णातानं लगेच अंगणात जाऊन आगगाडी सुटल्याचा आवाज काढला.

दाराआड मनुबाई हसली नाही. तिच्या कानात एकच शब्द राहिला होता. फक्त. फक्त दोन तास. मिरज, बंगळूर, मद्रास, तीन दिवसांची आगगाडी, परक्या भाषेची माणसं, या कशाचंही तिला काही वाटलं नाही. ती जमिनीवरची गोष्ट होती. पाण्यावरचे दोन तास ती एकटी असणार होती. तिला हात दोन होते आणि पोरं तीन.

मनुबाईचं माहेरही सावळेवाडीसारखंच कृष्णेच्या काठावर, दोन कोस खाली. ती नऊ वर्षांची असताना नदीला मोठा पूर आला आणि मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली वस्ती पाण्यानं वेढली. तेव्हा त्या भागात पुरातून माणसं काढायला गुऱ्हाळाची काहील वापरत. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई पाण्यावर सोडायची, आत बायकापोरं बसवायची आणि चार पोहणाऱ्या गड्यांनी चारी बाजूंनी काठ धरून पैलतीराला न्यायची. त्या दिवशी एका काहिलीत सात पोरं बसवली होती. पोरांनी पाणी बघून उठू नये म्हणून वरून घोंगडं टाकलं होतं. आई मनूला म्हणाली होती, “दादूचा हात धर. सोडू नगंस.” दादू तिचा भाऊ, तीन वर्षांचा.

घोंगड्याखाली अंधार होता, ओल्या लोकरीचा वास होता, कुणीतरी रडत होतं. काठावर आल्यावर घोंगडं काढलं तेव्हा आत सहा पोरं होती.

कुणी तिला मारलं नाही. कुणी रागं भरलं नाही. “मनीच्या हातनं सुटला,” एवढंच सगळे म्हणाले, तेही हळू आवाजात. दोन दिवस ती सांगत राहिली की मी सोडला न्हाई, माझ्या हातात हात होता. मग तिनं सांगायचं थांबवलं. वर्षभरानं तिलाही तेच खरं वाटायला लागलं. पुढं आईनं कुठलंही लहान मूल तिच्या कडेवर कधी दिलं नाही. शेजारणीचं पोर रडत असलं तरी आई स्वतः उठायची. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मनुबाईचा एक भाऊ पुरात गेला, एवढंच शालूबाईला माहीत होतं.

तरीसुद्धा, जायचं नाही असं मनुबाईच्या तोंडून निघालं नाही. पोरगं सव्वा वर्षाचं झालं आणि बापानं त्याचं तोंड बघितलेलं नाही, ही गोष्ट तिला रोज टोचायची. शिपायाच्या बायकोला पावसाळ्यानंतरचं काही धरून चालता येत नाही. म्हणून ती मुकाट्यानं तयारीला लागली.

तयारीत ती चोख होती. प्रवासाला सहा दिवस पुरतील अशा तीळ लावलेल्या कडक भाकरी, शेंगांची चटणी, गुळाच्या ढेपेचा तुकडा, जोतीसाठी नाचणीचं पीठ, बाळगुटीची पुरचुंडी, ओवा, हिंग. लहान पोरांची धडुती किती, ती गाडीत कुठं वाळत घालायची, पाण्याची कळशी कुणाच्या हातात. बोटीवर चढायच्या आधी देवी टोचल्याचा दाखला बघतात, असं पत्रात होतं. साळू आणि कृष्णात यांना टोचलेलं होतं. जोतीला गुंडानं आणि तिनं इस्लामपूरच्या दवाखान्यात नेऊन टोचून आणलं. त्याचा दंड सुजला, दोन दिवस अंग तापलं. ते दोन दिवस मनुबाई त्याच्या शेजारून हलली नाही. ताप उतरला तेव्हा, ताप राहिला असता तर जायचं आपोआप टळलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्या विचाराची तिला स्वतःचीच भीती वाटली.

आगबोट कशी असते हे सावळेवाडीत एकाच माणसाला माहीत होतं. लालासाहेब तात्या, पहिल्या लढाईतले पेन्शनर. ते बोटीनं बसऱ्याला जाऊन आले होते. मनुबाई पदर सावरून त्यांच्या कट्ट्याशी गेली.

“तात्या, बोटीला कड असती का?”

“असती की. लोखंडी गजाची. न्हाईतर आमी रातोरात पडलो नसतो?”

“गजामधी जागा किती असती?”

तात्यांनी दोन हातांनी अंतर दाखवलं. वीतभर असेल. मग त्यांना वाटलं, कमी होतंय; त्यांनी हात आणखी लांब केले. “येवढी. आमच्यातलं एक बकरं गेलं त्यातनं.”

“बकरं?”

“साहेबाचं. सकाळी व्हतं, दुपारी न्हाई. आन् बोट लागती बरं का. मी सात दिस ओकत व्हतो. येका बाजूला हलती, तशी दुसऱ्या बाजूला हलती, माणसाला उभं ऱ्हाऊ देत न्हाई.”

“तात्या, वैनीला कशाला भ्या दावताय?” गुंडा मागून म्हणाला. “तुमची सात दिसांची बोट, वैनीची दोन तासांची. तुमच्या हिशेबानं निम्मीच ओकारी यील.”

“हासा लेकांनो,” तात्या म्हणाले. “पाण्याला कड न्हाई हे बघितल्यावर मग हासा.”

घरी आल्यावर मनुबाईनं गोठ्यातली शिडी काढली. तिच्या पायऱ्यांमधलं अंतर तात्यांनी दाखवलं तेवढंच होतं. शिडी एका कडेवर आडवी उभी करून तिनं तिन्ही पोरांना खेळ म्हणून एकेकाला पलीकडं जायला सांगितलं. साळूचं डोकं गेलं, खांदे अडकले. कृष्णात पोटापर्यंत गेला आणि ओरडायला लागला. जोती एका दमात पलीकडं गेला आणि परत यायला वळून हसला. मनुबाईनं शिडी जागेवर ठेवली आणि त्या दुपारी ती जेवली नाही.

मग तिनं ठरवलं, जोतीला जुन्या लुगड्यानं पाठीशी बांधायचं म्हणजे दोन हात मोकळे राहतील. एका हाताला साळू, एका हाताला कृष्णात. हे गणित जुळलं तसं तिला जरा बरं वाटलं. तिनं ते लालासाहेबांना जाऊन सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता.

“चांगलं हाय,” तात्या म्हणाले. थोडा वेळ त्यांनी तंबाखू मळली. “खरं, बांधल्यालं पोर पाण्यात सोडवाय येत न्हाई.”

त्या रात्रीपासून झोप उडाली. बांधलं तर ती भीती, सोडलं तर ही. चुलीपुढं बसली की भाकरी करपायची. म्हशीच्या धारेला बसली की आपण कुठं आहोत ते विसरायची. पोरं मात्र सगळ्या गावाला सांगत फिरत होती. कृष्णातानं तर नारळ आणायचा म्हणून आपल्या पिशवीतलं सगळं सामान काढून ती रिकामी ठेवली होती.

शालूबाईला हे दिसत होतं. एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, “जोतीला ठेवून जा.”

मनुबाईनं मान वर केली.

“मी सांभाळीन. म्हयन्याचा तर प्रश्न. दोघांना घिऊन जा, दोन हात दोन पोरं. म्हशीचं दूध हाय घरात.”

“आवं आत्याबाई, त्यांनी बघितलं न्हाई ते जोतीलाच.”

“बघंल की. पोरगं कुठं पळून चाललंय?”

मनुबाई काही बोलली नाही. पण सासूच्या तोंडून तिचंच गणित निघालं होतं, आणि ते बरोबर होतं. त्या दिवसापासून जोतीचे कपडे तिनं गाठोड्यातून दोनदा काढले आणि दोनदा परत घातले.

मेच्या पहिल्या आठवड्यात गुऱ्हाळं बंद झाली. काहिली धुऊन पालथ्या घातल्या गेल्या. एके सकाळी त्यांच्याजवळून जाताना मनुबाई थांबली आणि तिथंच तिनं गुंडाला हाक मारली.

“भाऊजी, ही काहील डोहात सोडता यील?”

“आता? पूर कुठाय?”

“पोरांना एकदा पाण्यावर बसवून बघायचं हाय. भिऊन उठत्यात का बसत्यात, ते कळंल. बोटीत पयल्यांदाच कळाय नको.”

गुंडा हसणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. “नाथाजीला इचारतो,” म्हणाला.

नाथाजी नावाडी होता. पन्नाशीचा, काळा, हातापायानं काटक माणूस. नदी उतरली की त्याची नाव काठावर पडून असायची, आणि पूर आला की काहिलीच्या एका बाजूला तोच असायचा. त्यानं आणखी दोन गडी बोलावले. बैलगाडीवर घालून काहील वडाखालच्या डोहाशी आणली. उन्हानं लोखंड तापलं होतं, म्हणून तळाला उसाचं पाचट अंथरलं. मेमधलं कृष्णेचं पाणी संथ होतं, हिरवट. पण त्या डोहाला तळ लागत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मनुबाई पोरांना घेऊन आत बसली. साळू तिच्या गुडघ्याशी पदर धरून. उजव्या हातात कृष्णातचा हात, डाव्या हातात जोतीचा. मग तिनं गुंडाला सांगितलं, “वरनं घोंगडं घाला.”

“घोंगडं?” नाथाजी म्हणाला. “कशापायी?”

“पोरांनी पाणी बघू नये म्हणून. आमच्यात घालत्यात.”

नाथाजीनं गुंडाकडं बघितलं. “तुमच्यातली रीत तुमच्याजवळ,” तो पुटपुटला. पण घोंगडं घातलं.

चौघांनी काहील ढकलली. लोखंड वाळूवर घासल्याचा आवाज थांबला आणि खाली एकदम काही नाही असं झालं. काहील हळूहळू गरगरत निघाली. घोंगड्याखाली अंधार झाला. तोच वास. मनुबाईनं डोळे मिटले आणि दोन्ही हात आवळले. ती मनात आकडे मोजत होती. साळू म्हणाली, “आये, कळंना कुठं चाललोय.” कृष्णात ओरडला, “मला बघू दे की!” कुणीतरी हलत होतं, पाचट वाजत होतं. काहील एका बाजूला कलली, आणि अंधारात तिनं निसटता हात चाचपून पुन्हा धरला. थंड पाणी कडेवरून आत आलं आणि मनुबाईच्या मांडीपर्यंत आलं. तिनं हात आणखी घट्ट केले. दोन्ही हातांत हात होते. लहान, ओले, गरम. सोडले नाहीत. सोडले नाहीत.

“घोंगडं काढा!” बाहेरून नाथाजी ओरडला. “वैनी, घोंगडं काढा आदुगर!”

तिला काढता येईना, कारण हात सोडायचे नव्हते. गुंडानं ओढून ते पाण्यात फेकलं.

उजेड एकदम डोळ्यांत गेला. काहिलीच्या काठावर जोती पोटावर पडला होता. त्याचं अर्धं अंग बाहेर, आणि तो पाण्यावर हात आपटून हसत होता. त्याच्या छातीखाली नाथाजीचा तळहात होता.

मनुबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. उजव्या हातात कृष्णातचा एक हात होता. डाव्या हातात कृष्णातचाच दुसरा हात होता.

“आये, दुकतंय,” कृष्णात रडकुंडीला येऊन म्हणाला. “माझं दोनी हात का धरल्यास?”

नाथाजीनं जोतीला उचलून तिच्या मांडीत टाकलं. चौघांनी काहील काठाला लावली. खाली उतरल्यावर मनुबाई वाळूवर बसली आणि कितीतरी वेळ बसून राहिली. गुंडाला वाटलं, ती घाबरली. ती घाबरलेली होतीच. पण ती आपले दोन्ही तळवे उघडून बघत होती, आणि सतरा वर्षांपूर्वीच्या त्या दुसऱ्या घोंगड्याखाली काय झालं असेल ते पहिल्यांदाच तिला दिसत होतं. तिच्या हातात हात होता. काठाला लागेपर्यंत होता. सात पोरांतला कुणाचातरी.

“नाथाजी,” तिनं विचारलं, “पोरगं कडेला गेलं कसं?”

“झाकल्यालं पोरगं उजेडाकडं सरकतं, वैनी. घोंगड्याची कड जितं उचलल्याली असती तितं उजेड दिसतो, आन् तीच काहिलीची कड असती. कोकरू बी तसंच करतंय.” तो अंग पुसत होता. “आमी म्हणूनच झाकत न्हाई. पोराला पाणी दिसलं म्हंजी ते आपूणच गप बसतं.”

“हे आमच्यात कुणाला ठावं नव्हतं का?”

“ज्याला कळलं त्यो सोडून देतो. ज्याला न्हाई कळलं त्यो घालतो. मी बी तरणा असताना घालत व्हतो,” नाथाजी म्हणाला आणि काहिलीतलं पाणी उपसायला लागला.

मनुबाई उठली. “आनी एक डाव,” ती म्हणाली.

“वैनी, पुरे की,” गुंडा म्हणाला.

“आनी एक डाव. उघडंच.”

दुसऱ्या खेपेला काहील डोहाच्या मध्यावर गेली तेव्हा मनुबाईनं डोळे उघडे ठेवले. हिरवं पाणी सगळ्या बाजूंनी होतं आणि काठ फिरत होता. जोतीनं एकदा पाण्याकडं बघितलं, मग दोन्ही हातांनी तिची मान पकडली, आणि काठाला लागेपर्यंत सोडली नाही. कृष्णात मांडी घालून मध्यभागी बसला. साळूनं न सांगता त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक मुठीत धरलं होतं.

ती मंडळी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. शालूबाई अंगणात उभी होती.

“जोती पाण्यात गेला म्हणं?”

“जाताजाता ऱ्हायला,” कृष्णात म्हणाला. “नाथाजीकाकानं धरला. आयेनं माझंच हात धरलं व्हतं, दोनी!”

“ऐकलंस?” शालूबाई मनुबाईला म्हणाली. “आता तरी शानी हो. झाली तुजी लंका! डोहात ही गत, तर दर्यात काय? जोती हितं ऱ्हाईल. मी सांगते ते ऐक.”

मनुबाईनं जोतीला खाली ठेवलं. मग तिनं सासूला सगळं सांगितलं. मळी, काहील, सात पोरं, दादू. आई काय म्हणाली ते. गाव काय म्हणालं ते. दोन दिवस ती काय सांगत होती आणि मग का थांबली ते. गुंडा सोप्यात उभा होता. त्यानं काही ऐकलं नाही असं दाखवलं.

“माझ्या हातनं सुटला न्हाई, आत्याबाई,” ती शेवटी म्हणाली. “झाकल्यामुळं गेला. आज मला दिसलं. मी जोतीला ठेवून जाणार न्हाई. तिघं येतील, न्हाईतर मी बी जाणार न्हाई.”

शालूबाई उंबऱ्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. जोती रांगत तिच्याकडं गेला आणि तिच्या पायातलं जोडवं ओढायला लागला, तेव्हा तिनं त्याला उचललं.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “ठेव म्हणले खरं, पर मला बी झोप न्हाई. मला आता सांजचं धड दिसत न्हाई. दारात हीर हाय, तिला कठडा न्हाई. त्याला मागं ठेवला आन् तू तिकडं समुद्रावर, आन् हितं माझ्या हातनं काय झालं, तर मी माझ्या लेकाला काय तोंड दावू?”

“मग म्हणाला कशाला ठेव म्हणून?”

“तू न्हाई म्हणशील असं वाटलं व्हतं,” शालूबाई म्हणाली. “तू गप बसलीस, तवा मला भ्या वाटलं.”

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. शालूबाईनं जोतीला तिच्याकडं दिलं. “घिऊन जा,” म्हणाली. “आन् त्या म्हाताऱ्या लालासाहेबाकडं परत जाऊ नगंस. त्याचं बकरं दर खेपेला मोठं व्हतंय.”

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी गुंडा दौत-टाक घेऊन सोप्यात बसला. मनुबाई दाराआड न थांबता समोर येऊन बसली. तिनं एकेक गोष्ट सांगितली आणि त्यानं लिहिली. गुरुवारी, सोळा तारखेला मिरजेहून निघतो. पोरं तिघं येतात. देवी टोचल्याचे तिन्ही दाखले बरोबर आहेत. बोटीवर आम्ही मधोमध बसणार आहोत, कडेला नाही. पोरांना पाणी दिसेल अशी जागा बघून बसू. साळू कृष्णाताला धरील. जोती कुणालाही जात नाही, तेव्हा धक्क्यावर त्याला एकदम घेऊ नये, रडेल. आधी जरा लांबून बोलावं.

“आणखी?” गुंडानं विचारलं.

“मला लय भ्या वाटतंय, हे लिवा.”

“हे कशाला, वैनी? दादाला काळजी लागंल.”

“लागू दे. धक्क्यावर लवकर येऊन उभं ऱ्हात्याल.” ती म्हणाली. “आन् लिवा की, भ्या वाटतंय तरी येतो.”

गुंडानं लिहिलं. अक्षर वाळेपर्यंत त्यानं कागदावर फुंकर घातली. “अजून काही?”

“न्हाई. पत्ता नीट लिवा. आन् उद्या सकाळच्या टपालात टाका,” मनुबाई म्हणाली आणि भाकरी करायला आत गेली.